उजव्या छातीवरचा बिल्ला

माझ्या सासऱ्यांची, आबांची, सगळी नोकरी अर्जांची छाननी करण्यात गेली. समाजकल्याण खातं, शिष्यवृत्त्या, वसतिगृहातले प्रवेश. कोण पात्र, कोण अपात्र, आणि अपात्र असेल तर का. निवृत्त होऊन जमाना झाला तरी ती सवय काही सुटली नव्हती. सिडनीला आमच्याकडे आले की दुधाच्या बाटलीवरची तारीख, माझ्या भाजीतलं मीठ, माझ्या नवऱ्याने भिंतीत ठोकलेला खिळा, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं आणि काही ना काही त्रुटी निघायचीच. लग्नानंतर सुरुवातीला मी चिडायचे, मग नाद सोडला. माणूस सरळ होता. दुसऱ्याला एक नियम आणि स्वतःला वेगळा, असं आबांनी कधी केलं नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये नेमकं तेच त्यांच्या अंगाशी आलं.

ते आणि सासूबाई आमच्या क्वेकर्स हिलच्या घरी आले ते डिसेंबरात. एरवी मार्चमध्ये परत जात, पण या खेपेला आबांनी मेमधलं तिकीट काढायला लावलं होतं. कारण एप्रिलच्या शेवटी इथे अँझॅक डे असतो, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. पहाटे लोक स्मारकापाशी जमतात, मग संचलन निघतं, आणि त्यात माजी सैनिकांच्या बरोबरीने त्यांची मुलं-नातवंडंही चालतात, बापाची नाहीतर आजोबांची पदकं लावून. स्वतः मिळवलेलं पदक डाव्या छातीवर, वाडवडिलांचं उजव्या. माझ्या नवऱ्याने हे आदल्या वर्षी फोनवर सहज सांगितलं होतं आणि आबांनी ते मनात धरून ठेवलं.

"नातवाला लावता येतं? तसा नियम आहे?" त्यांनी तेव्हाच विचारून घेतलं होतं.

नियम म्हणण्यापेक्षा रीत आहे, असं नवरा म्हणाला. तेवढ्यावर आबांनी सामानात लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आपल्या आजोबांचा बिल्ला आणला.

घरात त्याला बिल्लाच म्हणत. गोल, एका बाजूला राणीचा चेहरा, वर मोहिमेचं नाव लिहिलेली आडवी पट्टी, आणि मूळची फीत कधीच विरून गेल्यामुळे तिथे कुणीतरी शिवलेली साधी लाल फीत. गोष्ट अशी होती की आबांच्या आजोबांच्या तरुणपणी सैन्यात आमच्या लोकांची भरती बंद झाली होती. तेव्हा ते कुणाच्या तरी ओळखीने पार ईशान्येकडे, ब्रह्मदेशाच्या बाजूच्या डोंगरांत गेले आणि तिथल्या सीमेवरच्या पोलिसांत लागले. इंग्रज अधिकारी डोंगरांतल्या गावांमध्ये जायचे तेव्हा त्यांच्या रक्षणाला या पोलिसांची एस्कॉर्ट असायची. अशाच एका मोहिमेत आजोबांनी बंदूक चालवली आणि सरकारने त्यांना सोन्याचा बिल्ला दिला. बंदुकीच्या दस्त्याने त्यांच्या खांद्यावर घट्टा पडला होता, तो अख्ख्या गावाने पाहिला होता.

ही गोष्ट मी लग्न ठरलं त्या दिवशी ऐकली आणि त्यानंतर दरवर्षी ऐकली. चेष्टा मात्र कधी केली नाही. आबा शाळेत गेले तेव्हा त्यांना वर्गाच्या दाराशी वेगळं बसवत. त्या दाराशी बसलेल्या पोराला घरी आल्यावर त्याचे वडील बिल्ला दाखवायचे. आपल्या घरात एक बंदूकवाला होऊन गेलाय, एवढ्या आधारावर तो पोरगा मॅट्रिक झाला.

मार्चमध्ये करोनामुळे सगळं बंद झालं. विमानं थांबली, संचलनही रद्द झालं. मी वेस्टमीडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. शिफ्टवरून आले की गॅरेजमध्येच कपडे बदलायचे, मागच्या दाराने थेट बाथरूम गाठायची आणि मगच माणसांत यायचं. सासूबाई चहा ठेवायच्या. आबा लांबून विचारायचे, "हात धुतलेस? नीट धुतलेस?" नवरा जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून बसलेला. सांगू नये, पण ते दिवस मला आवडले. बाहेर लोकांवर काय वेळ आली होती ते मी रोज लॅबमध्ये पाहत होते, आणि घरी चौघं जण रोज एकत्र जेवत होतो. एरवी हे आम्हाला सणावारीही जमत नसे.

मग बातमी आली की यंदा ज्याने त्याने पहाटे आपल्याच घरासमोर, ड्राइव्हवेच्या टोकाला, मेणबत्ती घेऊन उभं राहायचं. आबांना हे संचलनाहून जास्त पसंत पडलं, कारण गुडघे.

"आपल्या दारात, आपल्या माणसांत. उत्तम," ते म्हणाले आणि कोणता कोट घालायचा ते त्यांनी त्याच दुपारी ठरवून टाकलं.

चौदा एप्रिलची जयंती त्या वर्षी आम्ही घरातच, लॅपटॉपसमोर बसून साजरी केली. त्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी शिरस्त्याप्रमाणे बिल्ला घासायला घेतला. चिंच आणि मीठ. लग्न होऊन आल्यापासून त्या दरवर्षी घासत होत्या, आणि त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई. चिंच इंडियन शॉपमधून मी मुद्दाम आणली होती. घासून, धुऊन त्यांनी तो मागच्या अंगणात उन्हात ठेवला. लखलखीत सोनं दिसत होतं. तो कुंपणापलीकडून आमच्या शेजाऱ्यांनी पाहिला.

शेजारी म्हणजे एकटे राहणारे एक वयस्कर गृहस्थ. तरुणपणी सैन्यात होते, व्हिएतनामला जाऊन आले होते, त्याबद्दल कधी चकार शब्द बोलत नसत. जुनी पदकं जमवण्याचा मात्र नाद होता. त्यांनी बिल्ला बघू का म्हणून विचारलं. आबांनी तो कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि नियमाप्रमाणे दीड मीटर मागे सरकले. शेजाऱ्यांनी हातमोजे चढवले, भिंग आणलं, कड फिरवून पाहिली आणि मला विचारलं, हे कशाने घासता?

मी चिंचेचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यांनी समजावलं ते असं. पदकाच्या कडेवर ते मिळवणाऱ्याचं नाव, नंबर आणि तुकडी कोरलेली असते. आमच्या बिल्ल्याची कड गुळगुळीत होती. दोन पिढ्यांच्या सुनांनी दरवर्षी मनापासून घासून आजोबांचं नाव धुऊन टाकलं होतं. वरच्या पट्टीवरचीही निम्मी अक्षरं गेली होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होत्या. मी ते त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.

आबांना नावाचं एवढं वाटलं नाही. त्यांनी महत्त्वाचा प्रश्न विचारला, "पण एस्कॉर्टला हे मिळायचं ना? पोलीस असूनसुद्धा?"

शेजारी खूश झाले. इतक्या नेमक्या प्रश्नाची त्यांना आमच्याकडून अपेक्षा नसावी. ते म्हणाले, पदक मुळात सैन्याचं. सीमेवरचे पोलीस म्हणजे धड पोलीस नाहीत आणि धड लष्करही नाहीत, त्यामुळे त्यांना द्यायचं की नाही यावर घोळ असायचा. एस्कॉर्ट लष्करी हुकुमाखाली असेल आणि मोहिमेबरोबर ठरलेल्या हद्दीपलीकडे गेली असेल तर पात्र. मागे नुसती ठाणी राखत बसली असेल तर नाही. मी भाषांतर करताना 'पात्र' म्हटलं आणि आबांचा चेहरा खुलला. परक्या देशात, परक्या माणसाच्या तोंडी त्यांना आपलं खातं भेटलं होतं.

"म्हणजे बिल्ला मिळाला त्या अर्थी आमचे पात्र होते," आबा म्हणाले.

शेजाऱ्यांनी बिल्ला पुन्हा खांबावर ठेवला. हो, पात्र होतेच, म्हणाले. पण हे सोनं नाही, मेट (दोस्ताला इथे असंच म्हणतात), हे ब्राँझ आहे. बंदूकवाल्यांना हेच पदक चांदीचं मिळायचं. ब्राँझचं मिळायचं ते बरोबरच्या बिनहत्यारी माणसांना. पाणके, आचारी, खेचरं हाकणारे, जखमींच्या डोल्या उचलणारे. त्या काळी तशीच पद्धत होती.

हे मी जरा मऊ करून सांगणार होते, पण एवढं इंग्रजी आबांना माझ्या भाषांतराशिवायही समजतं. त्यांनी बिल्ला उचलला, थँक यू म्हटलं आणि आत आले.

"हे एका माणसाचं मत झालं," ते सोफ्यावर बसत म्हणाले.

मग छाननी सुरू झाली. रोज दुपारी कुंपणाशी एक नवी शंका. चांदी कमी पडली असेल तर? वाटताना अदलाबदल झाली असेल तर? पोलिसांतल्या शिपायांना सैन्यापेक्षा कमी दर्जाचं देत असतील तर? शेजारी दर वेळी आत जाऊन कुठलं तरी जाडजूड पुस्तक पाहून यायचे आणि नकारार्थी मान हलवायचे. एका दुपारी त्यांना दया आली असावी. ते म्हणाले, मेट, लावून टाक. कोण तपासायला येतंय?

याहून वाईट सल्ला आबांना देता आला नसता. "कुणी तपासत नाही म्हणून लावायचं?" ते मला घरात येऊन म्हणाले. "मग मी आयुष्यभर केलं काय?"

त्या रात्री ते आमच्याबरोबर जेवायला बसले. ताकभात कालवता कालवता त्यांचा हात थांबला.

"दोन्हीकडे होता," ते म्हणाले.

"काय दोन्हीकडे?" नवऱ्याने विचारलं.

"घट्टा. मी लहान होतो. आजोबा मला खांद्यावर बसवून ओढ्यापर्यंत न्यायचे. मला दोन्ही मांड्यांखाली टोचायचं. दोन्ही." त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "बंदूक माणूस एकाच खांद्याला लावतो. डोलीवाले खांदा बदलतात."

नवरा म्हणाला, "आबा, टेक्निकली बघितलं तर मेडल सेमच आहे ना? राणी सेम, पट्टी सेम." त्याचा हेतू चांगला होता. आबा ताट तसंच ठेवून उठले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की ते बिल्ला लावणार नाहीत. मेणबत्ती घेऊन उभे राहतील, पण रिकाम्या कोटाने.

मला त्यांचं दुःख समजत होतं. ते नुसत्या बंदुकीचं नव्हतं. माणूस गाव सोडून जितकं लांब जाता येईल तितकं लांब गेला, आणि तिथेही त्याच्या खांद्यावर ओझंच ठेवलं गेलं. "गावात उचलायचं, तेच तिथे उचललं," आबा मला म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

खरं सांगायचं तर मला स्वतःला मात्र हायसं वाटलं होतं. त्या डोंगरांत राहणाऱ्या लोकांचा विचार आमच्या घरच्या गोष्टीत कधी आलाच नव्हता. एस्कॉर्ट कुणापासून रक्षण करत होती? ज्यांच्या गावात न बोलावता शिरली त्यांच्यापासूनच ना. मी ज्या देशात राहते तिथेही सरहद्दीवर असेच घोडेस्वार पोलीस फिरले आणि इथल्या मूळ लोकांचं त्यांनी काय केलं, ते आता उघड बोललं जातं. आपल्या घरच्या माणसाने त्यातलं काही केलं नसावं, असं मला वाटत होतं. पण आजेसासऱ्यांकडे बंदूक नव्हती ते बरं झालं, हे सुनेने कुठल्या तोंडाने सांगायचं?

ते काम सासूबाईंनी केलं. आमच्याकडे सकाळी वंदना होते. कितीही घाई असली तरी चौघं बुद्धमूर्तीसमोर बसतो, पंचशील म्हणतो आणि मग चहा. अँझॅक डेच्या दोन-तीन दिवस आधीची सकाळ. वंदना झाली, मी आणि नवरा उठलो, आबा तसेच बसून राहिले, तोंड पाडून. सासूबाई मेणबत्ती विझवत म्हणाल्या, "अहो, आत्ता पहिलं शील कुठलं म्हणालात?"

आबांनी मान वर केली.

"जीवहिंसा करणार नाही म्हणालात. रोज म्हणता. मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. मग तुमच्या आजोबांच्या हातात बंदूक नव्हती तर सुतक आल्यासारखं का बसलाय?"

"तुला नाही कळायचं."

"मला काय कळायचंय. दरवर्षी घासायला घेतला की माझ्या मनात यायचं, हा मिळवायला यांनी किती जणांना मारलं असेल. कुणाची लेकरं असतील ती. घासायचे आणि ठेवून द्यायचे. या वर्षी पहिल्यांदा मला बरं वाटलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत?" असं म्हणून त्या चहा ठेवायला गेल्या. नवरा आणि मी एकमेकांकडे न बघता तिथून निसटलो. हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.

संध्याकाळी आबांनी नागपूरला धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. काका आमच्या सगळ्या भावकीत बंदुकीची गोष्ट सर्वांत रंगवून सांगणारे. आबांनी त्यांना ब्राँझपासून घट्ट्यापर्यंत सगळं क्रमाने सांगितलं, मधेमधे मुद्दा एक, मुद्दा दोन असं म्हणत.

"आता हे कशाला उकरून काढलंस, दादा?" काका म्हणाले. "पोरांना काय सांगायचं?"

"आहे ते सांगायचं. छाननीत निघालं."

"लोक हसतील."

"हसू देत. आपला आजा डोली उचलायचा. जखमी माणसाला डोंगर उतरवून आणायचा. यात हसण्यासारखं काय आहे ते मला लिहून कळव."

काकांनी फोन ठेवला. पुढे बरेच दिवस ते आबांशी धड बोलले नाहीत, आणि आबांना त्याचा त्रास झाला. पण फोन ठेवल्यावर ते थेट माझ्याकडे आले आणि सेफ्टी पिन आहे का म्हणाले.

"लावणार, आबा?"

"तुकडीबरोबर होते, हद्दीपलीकडे गेले होते. हत्यार पाहिजे अशी अट कुठेच नाही," ते म्हणाले. "पात्र."

मला इतका आनंद झाला की मी घरातल्या सगळ्या पिना त्यांच्यासमोर ओतल्या. त्यांनी प्रत्येक उघडून-मिटून पाहिली.

अँझॅक डेच्या पहाटे अंधार होता आणि बऱ्यापैकी गार होतं. रस्त्यावर दोन्ही बाजूंना घराघरांपुढे मेणबत्त्या लागल्या होत्या. एरवी ज्यांची गाडी तेवढी ओळखीची, ती माणसं नाइटगाउनवर जाकीट घालून उभी होती. आम्ही जॅमच्या बरणीत मेणबत्ती लावली होती. आबांच्या काळ्या कोटावर उजवीकडे बिल्ला होता. सासूबाईंनी यंदा तो पुन्हा घासला नव्हता. मी त्यांना कडेवरच्या नावाचं सांगितलं होतं, आणि त्या ऐकून थोडा वेळ स्वयंपाकघरात जाऊन बसल्या होत्या.

शेजारी त्यांच्या ड्राइव्हवेवर आले. सूट, टोपी, डावीकडे त्यांची स्वतःची पदकं. आमच्यामध्ये गवताची एक पट्टी होती. त्यांनी आबांच्या कोटाकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. कुणाच्या तरी रेडिओवर बिगुल वाजला. सगळा रस्ता गप्प झाला. ते संपल्यावर शेजाऱ्यांनी, बहुधा बोलायचं म्हणून, आबांना विचारलं, मग काय ठरलं, मेट, कोण होते तुझे आजोबा?

आयुष्यभर या प्रश्नाला आबांचं उत्तर ठरलेलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि आपल्या सावकाश, सरकारी इंग्रजीत सांगितलं की माझ्या आजोबांकडे बंदूक नव्हती. ते पडलेल्या माणसांना उचलून आणायचे.

शेजारी मेणबत्तीकडे बघत म्हणाले की मलाही एकाने उचलून आणलं होतं. मांडीत गोळी होती, चालता येत नव्हतं. चिखलातून हेलिकॉप्टरपर्यंत त्याने पाठीवर आणलं, खाली ठेवलं आणि परत गेला. चेहरा दिसला नाही. तो कोण होता, जगला का, त्याला काही मिळालं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

आबांनी चष्मा सारखा केला. कागद समोर असला की ते असंच करायचे, घाईत सही करायचे नाहीत. मग त्यांनी हात बिल्ल्यावर ठेवला आणि म्हणाले, "देन टुडे, धिस इज फॉर हिम ऑल्सो."

शेजाऱ्यांनी टोपी काढली. ती त्यांनी बिगुलाच्या वेळी काढली नव्हती. दोघे म्हातारे गवताच्या पट्टीच्या दोन बाजूंना उभे राहिले, उजाडेपर्यंत, आणि मी रडले. सासूबाईंनी माझा हात धरला होता.